मॅन, मोअर, लेस : मॅन्युअल वाचण्याच्या साधनांची गोष्ट

लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' हा शब्द लिहायचा, एक जागा सोडायची, पुढे कुठल्याही आदेशाचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. त्या आदेशाची माहिती पडद्यावर येते. वर दोन्ही कोपऱ्यांत आदेशाचं नाव आणि कंसात एक आकडा. खाली ठळक अक्षरांत ठरावीक मथळे: नाव, वापराचा साचा, वर्णन आणि शेवटाकडे 'हेही पाहा'. इंटरनेट लागत नाही, ब्राउझर लागत नाही. पहिल्यांदा हे पान उघडणाऱ्याला बहुधा एकच प्रश्न पडतो, की आता यातून बाहेर कसं पडायचं? (क्यू दाबायचा.)

हे सगळं एकाच प्रोग्रॅमचं काम वाटतं. प्रत्यक्षात ते चार-पाच प्रोग्रॅमांचं आहे. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या दशकांत लिहिले. पानाच्या मांडणीच्या सूचना लिहायची रीत १९६४ची आहे. मथळे १९७१चे, विषयावरून पान शोधायची सोय १९७९ची, पान वर-खाली सरकवणारा प्रोग्रॅम १९८०च्या दशकातला आणि मांडणी करणारा प्रोग्रॅम १९९०चा. यातल्या बहुतेक गोष्टी कोणी मोठी योजना आखून केलेल्या नाहीत. कोणाला तरी स्वतःपुरती अडचण आली, त्याने ती सोडवली आणि मग दुसऱ्यांना वापरायला दिली. असं घरगुती साधन लिहायला थोडे दिवस लागतात. ते आणि त्यातला मजकूर सांभाळायला मात्र दशकं लागतात. या दुसऱ्या कामाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

प्रबंधासाठी केलेली सोय

१९६४ साली जेरोम सॉल्ट्झर एमआयटीत डॉक्टरेट करत होते. तिथे आयबीएम ७०९४ या यंत्रावर सीटीएसएस नावाची प्रणाली चालत असे. एकाच संगणकाला टाइपरायटरसारखी अनेक टर्मिनलं जोडायची आणि अनेकांनी तो एकाच वेळी वापरायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. सॉल्ट्झर यांना प्रबंधाचा आराखडा लिहायचा होता. साध्या टाइपरायटरवर लिहायचं, तर मधला एक परिच्छेद बदलला की पुढची सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागत. म्हणून त्यांनी दोन प्रोग्रॅम केले. मजकूर लिहायला आणि दुरुस्त करायला 'टाइपसेट', आणि तो समास, पानं, क्रमांक घालून छापायला 'रनऑफ'. इंग्रजीत प्रत छापून काढण्याला 'रन ऑफ' म्हणतात, त्यावरून ते नाव आलं.

रनऑफमध्ये एक साधी युक्ती होती. ओळीची सुरुवात टिंबाने झाली, तर ती ओळ मजकूर समजायची नाही. ती छापणाऱ्या प्रोग्रॅमला दिलेली सूचना समजायची: इथे ओळ मध्यभागी घे, इथे नवं पान सुरू कर. सहसा कोणी वाक्याची सुरुवात टिंबाने करत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही. आजही मॅन पानाची मूळ फाइल उघडली, तर अशाच टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. साठ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आपला आराखडा छापण्यासाठी ठरवलेली खूण अजून बदललेली नाही.

ती खूण युनिक्सपर्यंत कशी पोचली, याची वंशावळ डेनिस रिची यांनीच लिहून ठेवली आहे. सॉल्ट्झर यांच्या रनऑफवरून प्रेरणा घेऊन डग मॅकिलरॉय यांनी मल्टिक्स प्रणालीसाठी बीसीपीएल भाषेत 'रॉफ' लिहिला. त्याचं पीडीपी-७ यंत्राच्या असेंब्ली भाषेत रूपांतर झालं, आणि त्याचं पुन्हा पीडीपी-११च्या असेंब्लीत. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम जवळपास नव्याने लिहिला गेला, टिंब तेवढं तसंच राहिलं.

पेटंट विभागातले तीन टायपिस्ट

मल्टिक्स हा एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांचा एकत्र प्रकल्प होता. १९६९ साली बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. तिथले केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका जुन्या पीडीपी-७वर स्वतःची लहान प्रणाली उभी केली. तीच पुढे युनिक्स झाली. त्यांना मोठं यंत्र हवं होतं, पण मल्टिक्सच्या अनुभवानंतर आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पैसे द्यायला व्यवस्थापन उत्सुक नव्हतं. १९७०मध्ये मागणी वेगळ्या शब्दांत गेली: मजकूर लिहिण्या-छापण्याची यंत्रणा करू. जो ओसाना यांचा त्यात पुढाकार होता. सुमारे ६५,००० डॉलरचं पीडीपी-११ मंजूर झालं.

दिलेला शब्द पाळायला हवा होता. बेल लॅब्जच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करण्यासाठी काहीतरी साधन हवंच होतं. १९७१च्या उत्तरार्धात त्या विभागातले तीन टायपिस्ट दिवसभर या यंत्रावर बसून अर्ज लिहीत, दुरुस्त करत आणि रॉफमधून छापून घेत. त्याच वेळी, त्याच यंत्रावर, युनिक्स लिहिणारी मंडळी आपले प्रयोग करत. यंत्रात एका प्रोग्रॅमपासून दुसऱ्याच्या मेमरीचं संरक्षण करण्याची सोय नव्हती आणि डिस्क होती अर्ध्या मेगाबाइटची. नवा प्रोग्रॅम चालवून पाहायचा आणि तो कोसळला, तर तिघांचंही काम जायचा धोका. युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक हे असे कारकुनी काम करणारे लोक होते. मजकूर छापण्याची साधनं या प्रणालीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहेत, त्याचं कारण हे.

'बग्ज' नावाचा रकाना

लोक वापरायला लागले की विचारायला लागतात. विभागप्रमुख मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला, की मॅन्युअल झालंच पाहिजे. टॉम्पसन आणि रिची यांच्या नावाने 'युनिक्स प्रोग्रॅमर्स मॅन्युअल'ची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे.

तिचे सात विभाग होते: पहिल्यात आदेश, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात सबरूटीन, असं करत सातव्यात इतर सगळं. पुढे आठवा विभाग आला. आज पानाच्या कोपऱ्यात कंसात दिसणारा आकडा हाच विभाग सांगतो. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र पान, पानं अकारविल्हे आणि प्रत्येक पानावर तेच मथळे त्याच क्रमाने. त्यातले दोन मथळे मला विशेष वाटतात. एक 'ओनर', म्हणजे हा प्रोग्रॅम कोणाचा. तिथे नावाची आद्याक्षरं किंवा लॉगिन लिहिलेलं असे. आणि दुसरा 'बग्ज', म्हणजे यात काय बिघडलेलं आहे.

आपल्याकडे मिक्सरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात 'आमच्या मिक्सरचे दोष' असा परिच्छेद असल्याची कल्पना करून पाहा. विकायची वस्तू असती तर हा मथळा राहिलाच नसता. पण वाचणारे आणि लिहिणारे एकाच मजल्यावर बसत होते. दोष लपवला तर दुपारी जेवताना कोणीतरी विचारणारच होतं.

याचा एक परिणाम कोणी आधी योजला नसावा. पुढे इतिहासकार मायकेल महोनी यांना दिलेल्या मुलाखतीत मॅकिलरॉय यांनी तो सांगितला. मॅन्युअलची नवी आवृत्ती निघायची वेळ आली, की सगळीकडे धावपळ सुरू होई. एखाद्या प्रोग्रॅमचं विचित्र वागणं शब्दांत मांडायला बसलं, की लिहिणाऱ्यालाच वाटे, हे छापून कसं द्यायचं? मग पानावर स्पष्टीकरण वाढवण्याऐवजी तो प्रोग्रॅमच बदलून टाकी. समजावून सांगायला अवघड असलेली गोष्ट काढून टाकली जाई किंवा सोपी केली जाई. कोणीही कोड लिहिणारा हे ताडून पाहू शकतो. एखाद्या फंक्शनचं वर्णन लिहिताना तिसऱ्यांदा 'मात्र' हा शब्द आला, की फंक्शनचे दोन भाग करायची वेळ झालेली असते.

मॅन्युअल छापील होतं, पण त्याच्या फाइली यंत्रावरच होत्या. तेव्हा पहिल्या एक-दोन वर्षांतच ती पानं टर्मिनलवर मागवणारा 'मॅन' हा आदेश आला. तो काही ग्रंथ नव्हता. फाइल शोधायची, रॉफमधून काढायची, दाखवायची, एवढंच त्याचं काम.

छापखाना, टेलिटाइप आणि ठळक अक्षरं

छापण्याची हौस मात्र वाढत गेली. बेल लॅब्जमध्ये सीएटी नावाचं फोटोटाइपसेटिंग यंत्र आलं. ते फिल्मवर अक्षरं उमटवून पुस्तकासारखी मांडणी करत असे. ओसाना यांनी त्यासाठी १९७३मध्ये 'ट्रॉफ' लिहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली चौथी आवृत्ती ही टाइपसेट केलेली पहिली आवृत्ती. ट्रॉफचा भाऊ 'एनरॉफ' तीच फाइल घेऊन टेलिटाइपवर छापत असे. १९७७ साली ओसाना वारले. मागे राहिलेला कोड इतरांना कळायला कठीण होता. ब्रायन कर्निहान यांनी तो हाती घेतला आणि कुठल्याही छपाई यंत्राला चालेल असा केला. पानांचे मथळे आणि परिच्छेद मांडायला आज जे सूचनांचे संच वापरतात, त्यातला मूळचा संच मॅकिलरॉय यांनी १९७९च्या सातव्या आवृत्तीसाठी आखला.

एनरॉफपुढे जे यंत्र होतं, ते 'टेलिटाइप मॉडेल ३७'. त्यावर ठळक अक्षर कसं छापायचं? अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं आणि तेच अक्षर पुन्हा त्यावर छापायचं. अधोरेखित करायचं तर आधी रेघ, मग एक घर मागे, मग अक्षर. शाई दोनदा लागली की अक्षर ठळक दिसे. आजच्या पडद्यावर शाई नाही आणि मागे जाणारं मुंडकंही नाही. पण पान दाखवणाऱ्या 'लेस' या प्रोग्रॅमला 'अक्षर, मागे, तेच अक्षर' असा क्रम दिसला, तर तो अजून समजून घेतो, की हे ठळक दाखवायचं आहे. जुन्या प्रणालींवर तर मॅनचं पान दर ६६ ओळींनी तुटून पुन्हा शीर्षक येई, कारण ११ इंची कागदावर इंचाला सहा ओळी याप्रमाणे ६६ ओळी बसत.

कागद गेला, पडदा आला

टेलिटाइपचा एक फायदा होता: छापलेलं कागदावर राहायचं. वर काय आलं होतं ते पाहायला कागदाची गुंडाळी उचलायची. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात काचेचे पडदे असलेली टर्मिनलं आली आणि ही सोय गेली. चोवीस ओळींचा पडदा भरला, की वरची ओळ नाहीशी.

१९७८ साली बर्कलीत शिकणाऱ्या डॅनियल हॅलबर्ट यांनी 'मोअर' लिहिला. तो पडदाभर मजकूर दाखवून थांबतो, खाली 'मोअर' असं लिहितो आणि तुम्ही कळ दाबेपर्यंत वाट पाहतो. बर्कलीतल्या इतरांनी त्यात भर घातली आणि तो बर्कलीच्या युनिक्ससोबत जगभर गेला. विषयावरून पान शोधायची सोयही तिथलीच. आदेशाचं नाव माहीत असेल तर मॅन उपयोगी, पण नावच माहीत नसेल तर? बिल जॉय यांनी १९७७ साली 'मॅनव्हेअर' नावाची छोटी युक्ती केली होती आणि फेब्रुवारी १९७९मध्ये तिच्या जागी 'ॲप्रोपो' लिहिला. तो प्रत्येक पानाच्या 'नाव' मथळ्याखालची एकच ओळ पाहतो. म्हणून ती ओळ नीट लिहिणं अजूनही महत्त्वाचं आहे.

मोअर फक्त पुढे जायचा. मार्क न्यूडलमन ज्या कंपनीत काम करत, तिथे व्यवहारांच्या मोठमोठ्या नोंदफाइली तयार होत. काही बिघडलं की दोष दिसे शेवटाकडे आणि त्याचं कारण असे वर. म्हणजे मागे मागे वाचत जायचं. व्हीआय या संपादकात एवढी मोठी फाइल उघडायला वेळ लागे. १९८३मध्ये त्यांनी मागेही जाऊ शकणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मोअरच्या उलटं, म्हणून नाव 'लेस'. 'लेस इज मोअर' या इंग्रजी म्हणीवरचा तो श्लेष. आधी सहकाऱ्यांनी वापरला, मग मे १९८५मध्ये त्यांनी त्याचा मूळ कोड यूजनेटवर सगळ्यांसाठी टाकला.

पुढे लिनक्सवर मॅनचं पान दाखवायला लेसच वापरला जाऊ लागला. म्हणजे नोंदफाइली उलट्या वाचण्यासाठी केलेलं साधन मॅन्युअलचं वाचनयंत्र झालं. आणि चाळीस वर्षांनंतरही त्याची देखभाल न्यूडलमनच करतात.

मॅन्युअल आहे, वाचायचा प्रोग्रॅम वेगळा विकत

वाटण्याची परंपरा सगळीकडे सारखी नव्हती. युनिक्स हे व्यापारी उत्पादन झाल्यावर एटी अँड टीने ट्रॉफ आणि त्याची भावंडं 'डॉक्युमेंटर्स वर्कबेंच' या नावाने वेगळी विकायला काढली. ज्यांनी ती घेतली नाहीत, त्यांच्या यंत्रावर पानं आधीच मांडणी करून ठेवलेली येत. ती वाचता येत, पण स्वतःच्या प्रोग्रॅमचं पान लिहून छापायला साधनच नसे.

ही कोंडी जेम्स क्लार्क यांनी फोडली. त्यांनी ट्रॉफची संपूर्ण नक्कल सी++ भाषेत पहिल्यापासून लिहिली. हा 'ग्रॉफ' १९९०मध्ये ग्नू प्रकल्पातर्फे सर्वांना मोफत मिळाला. आज बहुतेक लिनक्सवर मॅनचं पान मांडतो तो ग्रॉफच. त्याच सुमारास बर्कलीत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी 'एमडॉक' हा सूचनांचा नवा संच केला. मॅकिलरॉय यांच्या संचात 'हे ठळक कर' असं सांगावं लागे. लिव्हिंग्स्टन यांच्या संचात 'हा पर्याय आहे', 'हे फाइलचं नाव आहे' असा अर्थ सांगता येतो. क्रिस्टाप्स झोन्सन्स यांनी २००८मध्ये सुरू केलेला 'मॅनडॉक' या अर्थाचा उपयोग शोधासाठी करतो. अमुक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलचा उल्लेख कुठल्या कुठल्या पानांवर आहे, असं त्याला विचारता येतं. दिसण्याऐवजी अर्थ लिहून ठेवल्याचं फळ वीस वर्षांनी मिळालं.

खुद्द ग्नू प्रकल्पाला मात्र मॅनची पानं दुय्यम वाटत. त्यांचा भर 'इन्फो' या पुस्तकासारख्या, प्रकरणांनी जोडलेल्या मॅन्युअलवर होता. ती पुस्तकं चांगली आहेत, पण घाईत असलेल्या माणसाला प्रकरण वाचायचं नसतं. डेबियन या लिनक्स वितरणाने नियम केला, की प्रत्येक आदेशाला मॅन पान हवंच, नसेल तर तो त्या पॅकेजमधला बग समजला जाईल. मग ज्यांनी मूळ प्रोग्रॅम लिहिला नाही, अशा स्वयंसेवकांनी हजारो पानं लिहिली.

'बघ' आणि देवनागरी

या वंशावळीच्या अगदी टोकाला माझंही एक फुटकळ साधन आहे. आमच्या कामाच्या सर्व्हरवर बाहेरचं इंटरनेट नाही. आमचे स्वतःचे आदेश पुष्कळ, आणि त्यांची माहिती चार ठिकाणी: काहींची मॅन पानं, काहींची 'हेल्प' लिहिल्यावर मिळणारी ओळ, काहींच्या टिपणांच्या फाइली, काहींची काहीच नाही. मी साठेक ओळींची एक शेल स्क्रिप्ट केली. नाव 'बघ'. ती या चारही जागा ठरलेल्या क्रमाने धुंडाळते आणि जे सापडेल ते लेसमध्ये उघडते. काहीच सापडलं नाही तर 'पान नाही' असं सांगते आणि नाव, साचा, वर्णन, दोष हे चार मथळे घातलेली कोरी फाइल पुढे करते.

टीममधल्या दहा-बारा जणांना ती दिली. वाचन किती वाढलं ते मोजलं नाही, पण लिहिणं वाढलं हे फाइलींवरून दिसतं. माहिती शोधायला आलेला माणूस त्याच क्षणी सगळ्यात जास्त तळमळीत असतो. उत्तर मिळवल्यावर ते चार ओळींत लिहून ठेवायला त्याला कोरं पान समोर हवं असतं, एवढंच. आणि 'दोष' या मथळ्याखाली लोक जे लिहितात, ते बैठकीत कधी बोलत नाहीत.

काही सहकाऱ्यांनी टिपणं मराठीत लिहिली आणि तिथे इतिहास आडवा आला. लांब ओळी ८० रकान्यांत मोडायला युनिक्सवर 'फोल्ड' हा जुना आदेश आहे. बरीच वर्षं अनेक लिनक्सवर तो अक्षरं न मोजता बाइट मोजत आला. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं. म्हणजे ८० रकान्यांची ओळ सव्वीस चिन्हांनंतरच मोडते. कधी ती चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच मोडते, आणि मग पडद्यावर अक्षराऐवजी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं.

एक बाइट म्हणजे एक अक्षर म्हणजे एक रकाना, हे टेलिटाइपच्या दांड्याचं गणित. मॉडेल ३७चं मुंडकं प्रत्येक अक्षरामागे एक घर सरकायचं. देवनागरीत 'कि' हे दिसायला एक, चिन्हं मोजली तर दोन, बाइट मोजले तर सहा. त्याने पडद्यावर किती घरं घ्यायची यावर टर्मिनल, पेजर आणि मांडणी करणारा प्रोग्रॅम यांचं एकमत होईलच असं नाही. जोडाक्षरांचं तर आणखी कठीण. वाचकाला जे एक अक्षर वाटतं त्याची सीमा कुठे, याचे नियम युनिकोड ठरवतं. त्या नियमांनुसार 'क्ष'चे दोन तुकडे होत असत, 'क्' आणि 'ष'. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड मानणारा नियम आला २०२३च्या १५.१ या आवृत्तीत. सॉल्ट्झर यांच्या टिंबानंतर एकोणसाठ वर्षांनी. 'बघ'मध्ये आता ओळ मोडायचं काम फोल्डकडे नाही. शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच ओळ तोडणाऱ्या पर्लच्या काही ओळी आहेत. उजवी कड थोडी खालीवर होते, वाचायला अडत नाही.

सांभाळणारे

लिनक्सवर मॅन चालवणारा जो प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी असतो, तो 'मॅन-डीबी'. मूळ लेखन जॉन ईटन यांचं, १९९०-९१चं. मग तो काही हातांतून गेला आणि मार्च २००१च्या अखेरीपासून कॉलिन वॉटसन तो सांभाळतात. २०११मध्ये त्यांनी मित्राच्या सूचनेवरून त्यात एक गंमत घातली. रात्री साडेबाराला, पानाचं नाव न देता मॅन चालवला, तर तो 'गिमी गिमी गिमी' असं म्हणायचा. ॲबा या बँडचं त्या नावाचं गाणं 'आफ्टर मिडनाइट'च्या मागणीचं आहे आणि 'मॅन'चाच त्यात शोध आहे. २०१७मध्ये कोणाच्या तरी आपोआप चालणाऱ्या चाचण्या नेमक्या त्या मिनिटाला नापास होऊ लागल्या, कारण शोधल्यावर हे सापडलं आणि वॉटसन यांनी ती गंमत काढून टाकली. ज्या साधनाकडे कोणी लक्षही देत नाही, त्यावर किती यंत्रं विसंबून असतात, ते यातून कळतं.

ही साधनं झाली. खुद्द मजकूर सांभाळणं त्याहून जड. लिनक्सचे सिस्टिम कॉल आणि सी लायब्ररी यांची पानं 'लिनक्स मॅन-पेजेस' प्रकल्पातून येतात. १९९३पासून रिक फेथ, १९९५पासून अँड्रीस ब्राउवर, २००४पासून मायकेल केरिस्क आणि २०२०पासून त्यांच्यासोबत, मग त्यांच्या जागी, अलेहांद्रो कोलोमार. तीस वर्षांत चार माणसं. केरिस्क यांनी त्या कामातून आलेल्या जाणकारीवर लिनक्सच्या अंतरंगाबद्दल दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. सप्टेंबर २०२४मध्ये कोलोमार यांनी जाहीर केलं, की पगार देणारं कोणी नसताना हे काम यापुढे चालवता येत नाही, म्हणून थांबतो आहे. जगातले बहुतेक सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, तिच्या मॅन्युअलची ही अवस्था. पुढे काही कंपन्यांनी पैसे दिले आणि काम पुन्हा सुरू झालं.

मॅनच्या पानांवर उदाहरणं कमी असतात, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. २०१३च्या सुरुवातीला 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालिकेत एक चित्र आलं. अणुबॉम्ब थांबवायला 'टार'चा एक बरोबर आदेश लिहायचा आहे आणि कोणालाच तो आठवत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात रोमां प्रिएतो यांनी 'टीएलडीआर' सुरू केला: प्रत्येक आदेशाला एक छोटं पान, त्यावर फार तर आठ उदाहरणं. पानं साध्या मार्कडाउनमध्ये असल्यामुळे ती दाखवणारे प्रोग्रॅम अनेकांनी आपापल्या आवडत्या भाषेत लिहिले. दाखवणारा प्रोग्रॅम लिहिणं ही आता जवळजवळ सरावाची गोष्ट झाली आहे. पानं लिहिणारे आणि तपासणारे मात्र कायम कमीच असतात.

आदेश विसरला तर आज बरेच जण भाषा-मॉडेलला विचारतात. मीही विचारतो, उत्तर उदाहरणासकट येतं. तरी यंत्रावरच्या पानाला एक फायदा आहे: ते त्या यंत्रावर बसवलेल्या प्रोग्रॅमबरोबर आलेलं असतं. 'सेड'ने फाइल जागच्या जागी बदलायची, तर लिनक्सवर एक पर्याय पुरतो. मॅकवर त्याच पर्यायापुढे जुन्या प्रतीच्या नावाचं शेपूट द्यावं लागतं, निदान कोरं तरी. कुठल्या यंत्राबद्दल विचारलं हे न सांगता मिळालेलं उत्तर दोघांपैकी एकावर चुकणार. त्या यंत्रावरचं पान चुकत नाही, कारण कोणीतरी ते त्याच प्रोग्रॅमसाठी लिहिलेलं असतं. आणि मॉडेलला जे माहीत आहे, तेही मुळात अशाच कोणीतरी लिहिलेल्या पानांतून आलं.

म्हणून डेबियनचा नियम मला पटतो. पान नसणं हा लेखनाचा आळस न मानता प्रोग्रॅममधला दोष मानायचा, आणि इतर दोषांसारखी त्याचीही नोंद करायची. नोंद असली की कोणीतरी कधीतरी ती मिटवतं. 'मॅन मॅन' असा आदेश दिला तर मॅनचं स्वतःचं पान उघडतं. लिनक्सवर त्याच्या शेवटाकडे 'इतिहास' असा मथळा आहे. त्याखाली कोणी कधीपासून कधीपर्यंत हे सांभाळलं, त्या तारखा दिलेल्या आहेत.